स्नोशूज घालून पहिला हिवाळी डोंगर: माउंट पियर्स (न्यू हॅम्पशायर), मार्गदर्शन हवंय

साल्हेरवाली

नमस्कार मंडळी,

मी मूळची नाशिकची, दीड वर्षापासून बॉस्टनजवळ राहते. नाशिकला असताना दर दुसऱ्या रविवारी डोंगर असायचाच, साल्हेर, हरिहर, रतनगड, कळसूबाई तर किती वेळा झालं मोजलंच नाही, अलंग-मदन-कुलंग पण केलंय. इथे आल्यावर उन्हाळ्यात व्हाइट माउंटन्समध्ये तीन-चार ट्रेक केले पण नोव्हेंबर लागला की आमचं सगळं बंद आणि मग एप्रिलपर्यंत घरात बसून नुसतं खिडकीतून बघायचं. यंदा ठरवलंय की बसायचं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मी, नवरा आणि त्याच्या ऑफिसमधला एक मित्र असे तिघं माउंट पियर्स करायचं म्हणतोय, क्रॉफर्ड पाथने. उंची ४३१२ फूट म्हणजे १३१४ मीटर, कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने कमीच. एका बाजूने साधारण तीन मैल आणि चढाई २४०० फुटांच्या आसपास. आकडे बघून वाटतं की आरामात होईल पण इथले लोक हिवाळ्याचं नाव काढलं की एकदम गंभीर होतात म्हणून विचारतेय.

प्रश्न असे: १) स्नोशूज (मऊ बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) लागतातच का आणि घेतले तर कसले, विकत की भाड्याने? २) थंडीसाठी कपडे किती घालायचे? माझ्याकडे एक जाडजूड जॅकेट आहे जे मी ऑफिसला घालते, ते चालेल का? ३) मला हातापायाची बोटं गार पडायचा त्रास आहे, लहानपणापासून. ४) आणखी काय माहीत असायला हवं जे सह्याद्रीत कधी शिकलोच नाही?

सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

---

देवराई_उत्तरेची

ताई, आधी मनापासून अभिनंदन. हिवाळ्यातलं ते जंगल एकदा बघितलंत की उन्हाळ्यात जायला नको वाटेल. मी गेली अकरा वर्षं न्यू हॅम्पशायरमध्येच आहे आणि पियर्स हिवाळ्यातच सहा-सात वेळा झालाय, पहिल्या डोंगरासाठी निवड एकदम योग्य आहे. क्रॉफर्ड पाथ १८१९ साली क्रॉफर्ड बापलेकांनी काढलेली वाट आहे, अमेरिकेत डोंगरातली सलग वापरात असलेली सगळ्यात जुनी वाट म्हणतात तिला, आणि चढ कुठेही अंगावर येत नाही. सुरुवातीला गिब्स ब्रुक नावाच्या ओढ्याच्या कडेकडेने जाता, मग स्प्रूस-फरचं दाट जंगल, आणि वारा अजिबात लागत नाही जवळजवळ शेवटपर्यंत.

आता जे लिहितोय ते नीट वाचा कारण सह्याद्रीतून आलेल्या माणसाची इथेच चूक होते, माझी झाली होती. आपल्याला वाटतं शत्रू म्हणजे थंडी. थंडीचं काय ते आपण बघून घेतो, पण घाम हा खरा घातकी. आपल्याकडे घाम आला तर येऊ दे, खिंडीत वारा लागला की वाळतो आणि बरंच वाटतं. इथे उणे पंधरा सेल्सियसला चढताना बनियन ओला झाला आणि तुम्ही पाच मिनिटं फोटो काढायला थांबलात की तोच बनियन तुमच्या अंगातली सगळी ऊब ओढून घेतो, आणि मग वरून कितीही जाड जॅकेट घाला, आत ओलंच असतं.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. मी जाड फ्लीस आणि वर जॅकेट घालूनच गाडीतून उतरलो, थंडी वाजत होती ना. दीड तासात पाठ चिंब. काढायचा कंटाळा केला, म्हटलं आता आलंच वर. झाडी संपली तिथे वारा लागला आणि मी मोज्यातून हात बाहेर काढून फोटो काढत बसलो, तेवढ्यात दात वाजायला लागले आणि परत मोजा घालताना बोटं वळेनात. बायको बरोबर होती, तिने विचारलं काय होतंय तर मला नीट बोलताच येत नव्हतं, जीभ जड झाल्यासारखी. तिने मला खाली झाडीत ओढत नेलं, ओला शर्ट काढायला लावला, स्वतःचा कोरडा शर्ट दिला, गरम चहा पाजला. अर्ध्या तासाने माणसात आलो. तेव्हापासून माझा नियम असा की गाडीतून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांत ऊब येते. आली नाही तर थर वाढवा, आणि घामाचा पहिला ओलावा कपाळावर लागला की लगेच थांबून एक थर काढा, बरोबरचे पुढे गेले तरी चालतील. वेग कमी करा. हिवाळ्यात हळू चालणारा माणूस मागासलेला नसतो, तो शहाणा असतो.

कपडे: अंगालगत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक, पातळ. कॉटन म्हणजे कॉटन नकोच, आतले कपडेसुद्धा नाही, जीन्स तर घरी ठेवा. त्यावर पातळ फ्लीस, वारा अडवायला शेल. चालताना एवढंच आणि बऱ्याचदा शेल पण बॅगेतच. ते ऑफिसचं जाड जॅकेट चालेल, पण फक्त थांबल्यावर घालायला! बॅगेत सगळ्यात वर ठेवा, थांबलात की आधी ते अंगावर, मग पाणी, मग खाणं. एक कोरडा बनियन आणि मोज्यांचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पाणी: नळीने प्यायची पाण्याची पिशवी अजिबात नको, नळी अर्ध्या तासात गोठते. रुंद तोंडाची बाटली घ्या, घरून गरम पाणी भरा, जाड लोकरी मोज्यात घाला आणि बॅगेत उलटी ठेवा. बर्फ वरून धरायला लागतो, बाटली उलटी असली की झाकणाचा भाग मोकळा राहतो. शिवाय थर्मासमध्ये चहा.

स्नोशूजचं रात्री लिहितो, आता कामावर निघालोय.

---

केदारकंठा_ग्रुप

मी पुण्यातून. डिसेंबरमध्ये उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर केलं, १२५०० फूट, सांकरी गावापासून वर पूर्ण बर्फ होता, आम्हाला कॅम्पवर मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे छोटे लोखंडी दात) आणि गेटर्स (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) दिले होते तेवढ्यावर आरामात झालं. स्नोशूज हे परदेशातलं फॅड वाटतं मला, उगाच पायाला वजन. पियर्स तर त्याच्या एक तृतीयांश उंचीचा आहे. स्पाइक्स घ्या आणि जा.

---

देवराई_उत्तरेची

@केदारकंठा_ग्रुप तुमचा अनुभव खरा आहे, पण तिथे सीझनमध्ये रोज शेकडो माणसं चालतात म्हणून बर्फ दाबून रस्त्यासारखा झालेला असतो. दाबलेल्या बर्फावर स्पाइक्सच चांगले आणि मी पण बऱ्याच वेळा तेच घालून चढतो. प्रश्न येतो आदल्या रात्री फूटभर नवा बर्फ पडला की. मग स्पाइक्स घातलेला पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत जातो आणि प्रत्येक पाऊल म्हणजे विहिरीतून पाय उपसणं. दोनशे पावलांत माणूस दमतो आणि घामाघूम होतो, म्हणजे परत वर लिहिलंय तेच.

आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. तो पाय आत गेल्याने वाटेत जे खड्डे पडतात ते रात्री गोठून दगडासारखे होतात आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याचा घोटा त्यात मुरगळतो. इथे याला पोस्टहोलिंग म्हणतात आणि लोक मनापासून चिडतात, बरोबरच आहे. म्हणून इथली रीत अशी की मऊ बर्फ असेल तर स्नोशूज घालायचे, स्वतःसाठी आणि मागून येणाऱ्यासाठी. आपल्याकडे कसं, वाटेवरचा सुटा धोंडा आपण पायाने बाजूला करतो तसंच हे.

तेव्हा ताई, दोन्ही न्या. स्पाइक्स बॅगेत, स्नोशूज पायात किंवा बॅगेला बांधून.

आता कसले घ्यायचे. पहिल्या वेळी भाड्याने घ्या, नॉर्थ कॉनवे किंवा लिंकनमधल्या डोंगराच्या दुकानांत मिळतात. तीन गोष्टी बघा. एक, डोंगरासाठीचे हवेत, खाली पंजाखाली आणि कडेने लोखंडी दात असलेले. सपाट मैदानात फिरायचे असतात ते इथे घसरतात. दोन, टाचेखाली वर उचलायची तार असते ती हवीच, चढावर ती उभी केली की पोटरीचा ताण बराच कमी होतो. तीन, साइज. माणूस अधिक बॅग असं मिळून वजन सांगा, पण उगाच मोठे घेऊ नका. झाडीतल्या अरुंद वाटेला २२ ते २५ इंच पुरतात, मोठा असला की स्वतःच्याच पायावर पाय पडतो.

घरी सोफ्यावर बसून, जाड मोजे हातात घालून, पट्टे लावून-काढून बघा चार वेळा. तिथे वाऱ्यात पट्टा लागत नाही म्हणून हातमोजे काढावे लागले की बोटं गेलीच समजा. पट्ट्यांची टोकं दोन्ही पायांत बाहेरच्या बाजूला आली पाहिजेत, नाहीतर एकमेकांत अडकतात.

चालायचं कसं तर पाय नेहमीपेक्षा किंचित फाकवून, बस्स. मागे पाऊल टाकायचा प्रयत्न करू नका, शेपूट बर्फात रुतून माणूस पाठीवर पडतो. वळायचं असेल तर छोटा गोल फिरा. उतरताना गुडघे थोडे वाकवून वजन पायाच्या बरोबर वर ठेवा म्हणजे खालचे दात धरतात, मागे रेलाल तर घसराल. दोन पोल घ्या, खाली बर्फात रुतू नये म्हणून मोठी चकती असलेले.

---

तिळवडी

साल्हेरवाली ताई, बोटं गार पडायचा त्रास मलाही आहे म्हणून लिहितेय.

हातमोजे पाच बोटांचे घेऊ नकोस, मिटन घे, सगळी बोटं एका खोलीत राहिली की एकमेकींना ऊब देतात. आत पातळ लायनर, म्हणजे चेन लावायला मिटन काढला तरी उघडी कातडी वाऱ्याला लागत नाही. मनगटाला दोरी असलेले बघ, वाऱ्यात एक उडाला तर संपलंच. जास्तीचा एक जोड बॅगेत हवाच. पायात दोन-दोन मोजे कोंबायची चूक सगळे करतात, मी पण केली. बूट आवळला की रक्त पुढे जात नाही आणि पाय जास्तच गार पडतात. एक चांगला जाड लोकरी मोजा आणि बूट अर्ध्या साइजने मोठा, आत बोटं हलली पाहिजेत. त्या गरम होणाऱ्या पुड्या मिळतात त्यांना हवा लागते तापायला, घट्ट बुटात त्या थंडच राहतात, म्हणून निघायच्या वीस मिनिटं आधी गाडीतच उघडून ठेव. आणि बूट रात्री गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, गोठलेल्या बुटात पाय घातला की दिवसभर ऊब येत नाही.

एक गोष्ट पुरुष मंडळी लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. थंडीत उघड्यावर बसावं लागेल म्हणून आपण बायका पाणीच पीत नाही. मी पहिले दोन हिवाळे असंच केलं, दर वेळी डोकं दुखून परत. थंडीत तहान लागत नाही पण श्वासातून भरपूर पाणी जातं, आणि अंगात पाणी कमी असलं की थकवा येतो आणि थंडी आणखी बाधते. दर अर्ध्या तासाने दोन घोट पीच. खाली झाडीत असतानाच उरकून घे, वर वाऱ्यात वेळ आणू नकोस. सैल पँट आणि लांब जॅकेट असलं की एका मिनिटाचं काम आहे, सवय होते.

खाणं: एनर्जी बार उणे दहाला लाकूड होतात, चावतच नाहीत. चिक्की पण तशीच. संक्रांतीच्या आसपासच जाणार आहेस तर तिळाचे मऊ लाडू कर, गूळ कमी आणि तूप थोडं सढळ, छोटे सुपारीएवढे, आणि आतल्या खिशात ठेव अंगाच्या उबेला. दर थांब्याला एक-एक. मोठं जेवण करायला बसू नका कुणी, बसलं की थंडी शिरते.

---

डॉक्टर_वसईकर

पेशाने डॉक्टर आहे म्हणून थोडं.

बोट आधी दुखतं, मग बधिर होतं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका, तिथूनच काळजी सुरू होते. कातडी पांढुरकी आणि बधिर पण अजून मऊ असेल तर लगेच काखेत धरा किंवा बरोबरच्या माणसाच्या पोटाला लावा, ऊब परत येते. कडक मेणासारखी झाली असेल तर ती गोठलेली आहे, चोळू नका, आणि बर्फाने घासायचं जे सांगतात ते तर अजिबात नाही, आतल्या पेशी फाटतात. कोमट पाण्यात, ३७ ते ३९ अंश सेल्सियस, बुडवून ऊब देतात पण पुन्हा गोठायची शक्यता असेल तर डोंगरावर ते करू नका, आधी खाली या आणि सरळ हॉस्पिटलमध्ये.

एकमेकांकडे बघत राहा. नाक, गाल, कानाची पाळी आपली आपल्याला दिसत नाही. कुणी अडखळायला लागलं, जीभ जड झाली, हातातून वस्तू पडायला लागल्या किंवा उगाच चिडचिड करायला लागलं तर शरीराचं तापमान उतरतंय असं धरून चाला. देवराईंच्या बाबतीत त्यांच्या बायकोने हेच ओळखलं, म्हणून ते आज इथे लिहिताहेत.

ब्रँडीचा घोट हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात म्हणून उबदार वाटतं, प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर जाते. डोंगरावर नकोच.

ताई, लहानपणापासूनचा त्रास म्हणताय, थंडीत बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर जायच्या आधी डॉक्टरांना एकदा दाखवा.

---

साल्हेरवाली

बाप रे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! रंग वगैरे बदलत नाहीत डॉक्टर, नुसती गार पडतात, पण तरी दाखवून घेते. देवराई दादा, हवामानाचं कसं ठरवायचं? आणि झाडी संपल्यावर पुढे किती उघडं आहे?

---

देवराई_उत्तरेची

हवामानासाठी माउंट वॉशिंग्टन वेधशाळा रोज वरच्या शिखरांचा वेगळा अंदाज देते तोच बघायचा. गावाचा अंदाज बघून डोंगर ठरवायचा नाही, खाली शांत ऊन आणि वर माणूस उभा राहू शकत नाही असं सर्रास होतं. तुमची वाट ज्या धारेला लागते तीच धार पुढे माउंट वॉशिंग्टनला जाते, जिथे १९३४ च्या एप्रिलमध्ये ताशी २३१ मैल वारा मोजला गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे १०८ फॅरनहाइट म्हणजे उणे ७८ सेल्सियस झाली होती. पियर्सवर एवढं नसतं, पण घर तेच आहे.

हिशोबासाठी: उणे १८ सेल्सियसला ताशी २४ किलोमीटर वारा असला की अंगाला उणे २८ लागते आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. पहिल्या वेळी वर ताशी ३० मैलांच्या पुढे वारा सांगितला असेल तर मी जाणार नाही, दुसरा शनिवार असतोच.

पियर्सचा माथा झाडीच्या सीमेवरच आहे. वेबस्टर क्लिफची वाट येऊन मिळते तिथपर्यंत झाडांचा आडोसा, तिथून माथा अगदी जवळ, दीडेकशे मीटर, पण वारा तिथेच खातो. म्हणून त्या शेवटच्या झाडांतच थांबून शेल, जाड जॅकेट, मिटन, गॉगल सगळं घालून मग बाहेर पडा. बाहेर जाऊन घालू म्हणालात की झालं.

वाट सोडू नका. छोटी स्प्रूसची झाडं बर्फाखाली गाडलेली असतात आणि फांद्यांखाली पोकळी असते, पाय गेला तर माणूस कमरेपर्यंत आत आणि स्नोशू फांद्यांत अडकतो. वाटेत मिझपा हटकडे फाटा फुटतो, तो हट हिवाळ्यात बंद असतो, आसऱ्याच्या भरवशावर जाऊ नका.

सूर्य पाचच्या आत मावळतो. आठला चालायला लागा आणि परत फिरायची वेळ आधीच ठरवा, एक वाजता जिथे असाल तिथून मागे. तिघांकडे तीन हेडलॅम्प, म्हणजे कपाळावर बांधायचे दिवे. फोन अंगालगतच्या खिशात, थंडीत बॅटरी बघता बघता बसते, म्हणून कागदी नकाशा. फोमच्या मॅटचा पाटाएवढा तुकडा बसायला न्या, कुणाचा पाय मोडला तर त्याला बर्फापासून वेगळं ठेवायला तो लाख मोलाचा. राज्याचं हाइकसेफ कार्ड पण काढा, पैसे बचावकार्याच्या फंडात जातात.

---

डेन्व्हरकर

वाचणाऱ्या इतरांसाठी एक इशारा. वर जे लिहिलंय ते दाट झाडीतल्या वाटेसाठी आहे. इकडे कोलोरॅडोत स्नोशूज घालून तुम्ही सहज हिमस्खलनाच्या उताराखाली जाऊन पोचता. ३० ते ४५ अंशांचे उघडे उतार सगळ्यात धोक्याचे, आणि तुम्ही सपाटीवर असलात तरी वरचा उतार खाली येऊ शकतो. निघायच्या आधी राज्याच्या हिमस्खलन केंद्राचा त्या दिवसाचा अंदाज वाचायचाच. नवख्यांनी रॉकी माउंटन पार्कमधल्या बेअर लेकच्या आसपास फिरावं, ९४७५ फुटांवर आहे त्यामुळे धाप लागेल, पहिल्या दिवशी घाई नको.

---

साल्हेरवाली

मंडळी, जाऊन आलो! ठरलेल्या शनिवारी वर ५० मैल वारा सांगितला होता म्हणून रद्द केलं, नवऱ्याचा मित्र जरा हिरमुसला पण त्याला हा धागा वाचायला दिला. पुढच्या शनिवारी गेलो. खाली उणे १४, आदल्या दिवशी आठ इंच नवा बर्फ.

गाडीतून उतरल्यावर पातळ बनियन आणि फ्लीसवर इतकी थंडी वाजली की वाटलं हे सगळे चुकीचं सांगताहेत, पण गिब्स ब्रुक ओलांडायच्या आधीच मी टोपी काढली होती. स्नोशूजची सवय व्हायला पंधरा मिनिटं लागली. आवाज एकच, पायाखालचा चर्र चर्र, आणि थांबलं की काहीच नाही, पूर्ण शांतता, अशी शांतता मी साल्हेरच्या माथ्यावर पहाटे पण ऐकली नव्हती. झाडं तर पांढऱ्या घोंगड्या पांघरून उभी असल्यासारखी. बर्फाने वाट दोन-तीन फूट वर आलीये त्यामुळे उन्हाळ्यात डोक्यावरून जाणाऱ्या फांद्या सरळ कपाळावर, आणि हलल्या की मानेत बर्फ. टाचेखालची तार उभी केल्यावर चढ एकदम सोपा झाला, हे कुणी सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. दोन वेळा थांबून थर काढले, एकदा घातला. पाठ कोरडी राहिली शेवटपर्यंत!

वेबस्टर क्लिफच्या फाट्याला साडेबाराला पोचलो. झाडांत उभं राहून सगळं अंगावर चढवलं, एक करड्या रंगाचा पक्षी हाताच्या अंतरावर येऊन बसला आणि आमच्या लाडवाच्या डब्याकडे बघत राहिला. तेवढ्यात नवरा म्हणाला डाव्या हाताची दोन बोटं दुखायची थांबलीत. मोजा काढून बघितलं तर टोकं पांढरी, मऊ होती. लायनर ओला झाला होता, त्याने मगाशी बर्फात हात टेकला होता तेव्हा. मी त्याचा हात माझ्या जॅकेटच्या आत पोटाला लावला, दहा मिनिटांनी रंग आला आणि मग तो ओरडला दुखतंय म्हणून, तेव्हा जीवात जीव आला. माथा समोर दिसत होता, दीडशे मीटर. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि कोरडा मोजा घालून तिथूनच परत फिरलो.

साडेतीनला गाडीशी. तिळवडी ताई, लाडू फाट्यावरच संपले, पुढच्या वेळी दुप्पट. देवराई दादा, मार्चमध्ये परत जायचं म्हणतोय, तेव्हा दिवस मोठा असेल पण दुपारी बर्फ मऊ पडतो म्हणतात, तर निघायची वेळ किती आधी धरायची? आणि आता तिघांसाठी स्नोशूज विकतच घ्यायचेत, सीझन संपताना दुकानं भाड्याचे जुने जोड विकतात का?